अंगठ्याला कुलूप

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप आणि उचकटलेले कपाट येते. परंतु हल्ली पैसा कपाटात फारसा राहत नाही. तो खात्यात असतो, आणि खाते उघडण्याची किल्ली म्हणजे एखादा गुप्त आकडा किंवा बोटाचा ठसा. ही किल्ली सांभाळण्याच्या विद्येस सायबर सुरक्षा म्हणतात. ही विद्या अभियंत्यांची, त्यातही पुरुषांची, असा सर्वसाधारण समज आहे. मला मात्र वाटते की, सुरगाण्यासारख्या तालुक्यात तिचा खरा वर्ग बचत गटाच्या बैठकीतच भरू शकतो.

या बाबतीत माणदेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण अर्ज करणाऱ्या अनेक स्त्रिया निरक्षर होत्या. तेव्हा त्या अक्षरे गिरवावयास बसल्या. पुढे अधिकाऱ्यांसमोर जाऊन, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय करून दाखवावा, असे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला! नंतर व्यवहार यंत्रावर आले, तेव्हा सभासद स्त्रियांनी गुप्त आकड्यालाच हरकत घेतली. आकडा कुणीही पाहील आणि पैसे काढील. त्यापेक्षा अंगठा बरा, असे त्यांचे म्हणणे. धोका कोणाकडून आहे हे आधी ओळखावे आणि मग कुलूप निवडावे, हा या विद्येचा पहिला धडा. तो त्या बायकांना कुणी शिकवला नव्हता.

पण आता अंगठाही निर्धोक राहिलेला नाही. आधारवरून पैसे काढताना बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढ्यावर काम भागते. पिन लागत नाही. जमिनीच्या दस्तांवरील ठसे उतरवून, त्यांचे नकली बोट बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. त्याहून सोपी युक्ती म्हणजे, "ठसा उमटला नाही, पुन्हा बोट ठेवा," असे सांगून दोनदा रक्कम काढणे.

आपल्या भागात याची झळ अधिक. द्राक्षांच्या हंगामात घरची माणसे दिंडोरी-निफाडकडे मजुरीस जातात आणि मोबाइलही त्यांच्याबरोबर जातो. पैसे गेल्याचा संदेश तिकडे वाजतो. इकडे खातेदार बाईला पत्ताच नसतो. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये आधार जोडलेल्या खात्यातच येऊ लागले, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरचा झाला.

आधारच्या संकेतस्थळावरून ठशाला कुलूप लावता येते. ते लावले की ठशावर पैसे निघत नाहीत. स्वतःला काढावयाचे असतील तेव्हा ते तात्पुरते उघडावे लागते. यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आमची गाडी अडते ती इथेच.

आमच्या पाड्यावरील गटाची वही मी लिहिते. तेथील एका मावशींनी स्वतःच नियम घातला: पहिली पावती हातात पडल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवायचे नाही. व्यवहार फसला तरी तशी पावती निघते, हे त्यांनी यंत्रापुढे उभे राहून हेरले होते. दुसरा नियम, पैसे काढायला दोघींनी मिळून जायचे. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते, हे मी सांगितले. पण फसलेली बाई घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने गप्प बसते, आणि चोराला तेवढा वेळ पुरतो. गटात मात्र ती बोलते. एकीचे ऐकून बाकीच्या दहाजणी सावध होतात.

अमेरिकेत डॉ. अंबरीन सिराज या प्राध्यापिकेने २०१२ साली या क्षेत्रातील विद्यार्थिनी, अध्यापिका आणि नोकरदार स्त्रिया यांना एकत्र आणण्याचा उपक्रम सुरू केला. ज्ञानाच्या पायऱ्या निराळ्या असल्या, तरी एकमेकींना विचारण्याची सोय हवी, ही गरज तिथेही होती आणि इथेही आहे.

आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थिनींपाशी स्वतःचे मोबाइल आहेत. प्रत्येकीने आपल्या पाड्यावरच्या बायकांच्या आधारला कोणाचा क्रमांक जोडलेला आहे, एवढे जरी विचारले तरी कामाला सुरुवात होईल. आमच्या गटात ही यादी करावयास घेतली आहे. पहिल्या पाच नावांपुढे नवऱ्याचा किंवा मुलाचाच क्रमांक आला.