पेटीतलं बाळ आणि व्हेंटिलेटरचा प्रश्न

‘बाळाला पेटीत ठेवलंय’ एवढं फोनवर कळलं तरी घर गप्प होतं. पुढे एखाद्या दिवशी डॉक्टर आई-वडिलांना बाजूला बसवून व्हेंटिलेटरबद्दल बोलतात. तोवर घरात काही समजुती पक्क्या झालेल्या असतात.

गैरसमज : एवढंसं बाळ, जगलं तरी धड होणार नाही

काचेची पेटी मुख्यतः ऊब देते. पेटी म्हणजे आशा संपली असं नाही. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा ती अठरा वर्षांची होईपर्यंत केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा कमी भरला, तरी सर्वसाधारण मर्यादेतच होता. केवळ वजन पाहून, डाउन सिंड्रोम आहे म्हणून किंवा मुलगी आहे म्हणून उपचार आखडते घेणं हा अन्याय आहे. थांबण्याचा प्रश्न येतो तो जे बाळ बरं होणारच नाही आणि यंत्रामुळे ज्याचं फक्त मरण लांबतंय, त्याच्याबाबतीत.

गैरसमज : व्हेंटिलेटर काढणं म्हणजे खून, नाहीतर कोर्टाची पायरी चढा

इंजेक्शन देऊन जीव घेणं हा भारतात गुन्हाच आहे. निरुपयोगी ठरलेला उपचार थांबवणं ही वेगळी गोष्ट. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली होती. ९ मार्च २०१८ च्या निकालाने ती अट गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया आणखी सोपी झाली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ यांचं एक मंडळ मत देतं. दुसरं मंडळ ते तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. पालकांची लेखी संमती घ्यायची आणि दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मतभेद झाले तरच उच्च न्यायालय.

संमती पालकांची असली तरी भार एकट्या त्यांचा नाही. ‘तुम्ही ठरवा’ म्हणून डॉक्टर मोकळे झाले, तर बाळंतपणातून जेमतेम उठलेल्या आईला त्यात ‘तुम्ही मारा’ असंच ऐकू येतं. डॉक्टरांनी आपला सल्ला स्पष्ट शब्दांत सांगावा, संमती नंतर मागावी.

गैरसमज : तान्ह्या जिवाला कुठे दुखतं!

दुखतं. १९८० च्या दशकापर्यंत कित्येक डॉक्टरही उलट मानत आणि नवजात बाळांवर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत. टाचेत सुई टोचताना जिभेवर आईच्या दुधाचे थेंब दिले तरी कळ कमी होते.

गैरसमज : यंत्र काढलं की करण्यासारखं काही उरत नाही

सगळ्यात जास्त त्रास या समजुतीने होतो. पैसे संपतात, मग कागदावर सही करून बाळाला ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ घरी नेलं जातं. या मार्गाने घरी गेलेल्या बाळाला वेदनाशामक मिळत नाही, आणि रात्री त्याला धाप लागली तर फोन करायला कुणाचा नंबरही नसतो. याला उपचार थांबवण्याचा निर्णय म्हणता येणार नाही. बाळाला वाऱ्यावर सोडलेलं असतं. खरं तर सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

यंत्र काढल्यावरही द्यायची ती त्रास कमी करणारी सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. तिचं नाव घेतलं की पुणेकरांना वारज्याचं सिप्लाचं केंद्र आठवतं. ते १९९७ मध्ये कर्करुग्णांसाठी सुरू झालं, त्यामुळे ही सेवा मोठ्यांची आणि कॅन्सरची असं वाटत राहतं. बाळालाही तिची तितकीच गरज असते. धाप आणि वेदना यांवर औषध चालू ठेवायचं, नको त्या सुया आणि तपासण्या बंद करायच्या, चिकटपट्ट्या हलक्या हाताने सोडवायच्या आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर द्यायचं. अनेक आयांनी तोवर त्याला एकदाही कुशीत घेतलेलं नसतं.

बाळाच्या पायातल्या पट्टीवर तेव्हाही ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव एवढंच असतं. बाराव्या दिवसाची वाट न पाहता, तिथेच पडदा ओढून आत्याला त्याच्या कानात नाव सांगू द्यावं.