डोळ्यांदेखत ऐकलेली भीति

नाटक पाहावयाचें आणि नभोनाट्य ऐकावयाचें, ही वांटणी आपण इतकी गृहीत धरली आहे कीं, कोणी नभोनाट्य पाहावयास निघाला असें म्हटल्यास वाचक हंसतील. पण अमेरिकेंत गांवोगांवच्या हौशी नाटकमंडळ्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे हॅलोवीन या भुताखेतांच्या सणाच्या सुमारास, नेमका हाच प्रकार करतात. ‘ड्रॅक्युला’सारखी एखादी जुनी भयकथा घ्यावयाची, आणि पूर्वीं नभोवाणीच्या स्टुडिओंत ती जशी सादर होत असे तशीच रंगमंचावर सादर करावयाची. रंगविलेला किल्ला नाहीं, सुळे लावलेला पिशाच्चराज नाहीं. मायक्रोफोनसमोर हातांत कागद धरलेले नट, आणि बाजूला एक लांब मेज.

त्या मेजावरचें सामान पाहून हें स्वयंपाकघर कीं अडगळीची खोली, असा प्रश्न पडावा. करवंट्या वाजविल्या कीं घोडे दौडूं लागतात. चाळणींत सुके वाटाणे फिरविले कीं पाऊस. मक्याचें सत्त्व भरलेली पिशवी दाबली कीं बर्फांत पावलें रुततात. पत्र्याचा लांबलचक तुकडा झुलविला कीं मेघगर्जना. चामडी हातमोजे फडफडविले कीं खिडकीशीं वटवाघूळ आलेंच! हें सर्व प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चालतें. डोळे युक्ति पाहतात, तरी कान भितात. आम्हांला या खेळाची खरी गंमत येथेंच वाटते. ध्वनि काढणाराच विनोदी हावभाव करूं लागला, तर मात्र लोक हंसतात आणि कथा मरते.

‘ड्रॅक्युला’ या पद्धतीस फार सोयीची. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ही कादंबरी रोजनिशा, पत्रें, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणें यांचीच बनलेली आहे. तींतील डॉक्टर सीवर्ड तर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. सुकाणूच्या चाकाला स्वतःस बांधून घेऊन मेलेला जहाजाचा कप्तान आपणांस भेटतो, तो त्याच्या नोंदींतूनच. पात्रें आपापली हकीकत आपणच सांगतात.

ऑर्सन वेल्स या २३ वर्षांच्या तरुणानें ११ जुलै १९३८ रोजीं आपल्या मर्क्युरी थिएटरच्या नभोनाट्यमालेचा आरंभ याच कथेनें केला. ड्रॅक्युला आणि सीवर्ड या दोन्ही भूमिका त्याच्याच. सर्व प्रयोग थेट. चूक झाली तर ती श्रोत्यांच्या घरीं पोंचलीच! पिशाच्चाच्या छातींत खुंटी ठोकण्याचा आवाज कोबीवर साधेना, म्हणून कलिंगडावर हातोडा घातला, असें सांगतात. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला मंगळावरील स्वारीच्या नभोनाट्यानें जी खळबळ उडाली, तिच्यामुळें हा प्रयोग मागें पडला.

हौशी मंडळ्यांना आणखी एक लाभ. कागद हातांत, म्हणून पाठांतर नको. दिवसभर कचेरींत राबणारा, स्मरणशक्ति दगा देऊं लागलेला वृद्ध, चाकांच्या खुर्चींत बसणारी स्त्री, सर्वांना येथें जागा होते. नाटकाची हौस असून पाठांतराच्या धास्तीनें दूर राहिलेले गृहस्थ आपल्याकडेहि थोडे नाहींत.

वेल्सच्या त्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. तें आम्हीं घरांतील तेरा माणसांनीं दिवे मालवून ऐकलें. मुलांना बसूं द्यावें कीं नाहीं, यावरून आमच्या वडील बंधूंशीं आमचा वाद झाला; रात्रीं मुलें दचकून उठतील, हें त्यांचें म्हणणें. कलिंगडाचें गुपित आम्हीं आधींच फोडून ठेविलें होतें. तरीहि शेवट जवळ येतांच नऊ वर्षांच्या पुतण्यानें आजीचा पदर घट्ट धरला. त्याची सहा वर्षांची बहीण रात्रीं खरोखरच दोनदां रडत उठली. तिला बसूं दिलें ही आमची चूक, आणि बंधूंजवळ आम्हीं ती कबूल केली. आईचें मत मात्र निराळें पडलें. “अंधारांत मुंज्याची गोष्ट सांगतांना मी तुम्हांला मुंज्या कुठें दाखवीत होतें? तरी दोघेहि माझ्या मांडीला चिकटून बसत होतांच ना!” असें ती म्हणाली. बंधू गप्प बसले.

दुसऱ्या दिवशीं मुलांनीं माडीवर आपलें नभोनाट्य मांडलें. कथा मुंज्याची, पाऊस वाटाण्यांचा. मेघगर्जनेसाठीं न्हाणीघरावरचा पत्रा मागण्यांत आला, तो अर्थातच मिळाला नाहीं; तेव्हां पुतण्यानें परात उचलली.