कडे मोठे, म्हणून तेल भारी?

दाढ ठणकू लागली की आमच्या मिरजगावात लवंग दाढेखाली धरायला सांगतात. पोट फुगले की ओवा चावायला देतात. लवंगेच्या तेलातले युजेनॉल आणि ओव्याच्या तेलातले थायमॉल ही दोन्ही जंतुनाशक द्रव्ये. पण कोणते तेल अधिक मारक, हे ठरवायचे कसे?

प्रयोगशाळेत आगराचा पोषक थर काचबशीत ओततात. आगर म्हणजे समुद्रशैवालापासून काढलेला, खिरीत घालतात तोच चायना ग्रास. थरावर जंतू सारखे पसरतात, तेलात भिजवलेली टिपकागदाची ६ मिलिमीटरची चकती मधोमध ठेवतात आणि बशी ३७ अंश सेल्सियसला रात्रभर उबवतात. सकाळी बशीभर जंतूंची दुधी साय दिसते; चकतीभोवती मात्र स्वच्छ कडे! १९६६ साली बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी या रीतीला नेमके रूप दिले, पण ते प्रतिजैविकांसाठी. तेलांची गोष्ट वेगळी.

मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर. मला त्या कड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या दिसतात: तेलाची मारकता आणि तेलाचा प्रवास. आगराचा थर म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यातून तेलाचे रेणू विसरणाने, धक्के खात, वेडेवाकडे सरकतात. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट! इकडे ई. कोलायसारखे जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. तेल पोहोचण्याआधी त्यांची दाट वस्ती झाली, की कडे तिथेच अडते.

शिवाय तेल पाण्यात विरघळायला हवे ना! लिटरभर पाण्यात युजेनॉल दोन ग्रॅमच्या वर विरघळते. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन जेमतेम काही मिलिग्रॅम. लिमोनीनचे कडे लहान आले, तर ते दुबळे म्हणायचे, की चकतीतून बाहेरच पडले नाही म्हणायचे? त्यात ही तेले उडून जाणारी. त्यांची वाफ झाकणाखाली कोंडते, आणि शेजारच्या चकतीला फुकटचे श्रेय मिळते.

म्हणून पोषक द्रवाच्या नळ्यांत तेल निम्मे-निम्मे पातळ करत नेतात. ते पाण्यात मिसळावे म्हणून पायसीकारक घालतात. एका नळीत तेलाशिवाय नुसते पायसीकारक असते. नाहीतर जंतू कशाने थांबले ते कळणार कसे? ज्या सर्वांत कमी प्रमाणाला वाढ थांबते, तो आकडा त्या तेलाचा.

जंतू वाढवण्याचा उद्योग घरी मुळीच करू नका. त्याऐवजी चायना ग्रास शिजवून बशीत थिजवा, मधोमध भोक पाडून खाण्याचा लाल रंग भरा. भोकाच्या कडेपासून रंग किती सरकला, ते एका तासाने मोजा. मग चार तासांनी पुन्हा मोजा. चौपट भरते की दुप्पट?