किलोच्या भावाने गेलेला आरा

गेल्या महिन्यात नागपूरच्या लकडगंजातला एक जुना बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पात्याचा आरा, भंगारात गेला. अठरा इंची चाकांचा, अख्खा बिडाचा. टेबलावरचा गंज सोडला तर त्यात काही वाईट नव्हते. किलोचा भाव ठरला, घणाने तुकडे झाले आणि माल गाडीत पडला. मालकाला बोल लावत नाही, कारण मशीन म्हणून तो मागायला कोणी आलेच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अशा मशीनसाठी आम्ही एकमेकांच्या आधी पोचायला धडपडायचो.

नागपूरचे आणि लाकडाचे नाते जुने आहे. आलापल्ली-बल्लारशाहचा सागवान इकडे यायचा. राज्याच्या वनविकास महामंडळाचे मुख्यालयही इथेच.  पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत आरा मशीन ही गिरणीवाल्यांची गोष्ट होती, घरी हातकरवतीवर भागायचे.

खरे वळण आले ते १२ डिसेंबर १९९६ ला. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजुरीशिवाय जंगलात चालणाऱ्या आरागिरण्या थांबवल्या. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी उघडणेही बंद झाले. जंगल वाचायचे तर हे हवेच होते, असे माझे तेव्हाही मत होते. पण त्याच सुमारास प्लायवूड आणि भुशाच्या बोर्डाने बाजार व्यापला. छोटे फर्निचरवाले एकेक करून बसले आणि त्यांचे बँडसॉ कबाड्याच्या दारात येऊन पडले.

पुढची दहा वर्षे आमची होती. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतले टर्नर आणि माझ्यासारखे सुट्टीच्या दिवशी लाकडात रमणारे, अशी आमची मंडळी. मशीन घरी आली की आधी चाके उतरायची. बेअरिंग बदलायची, चाकांवरचे कडक झालेले रबर खरवडून नवे चिकटवायचे. मग चाक फिरवत त्यावर पॉलिश पेपर धरायचा आणि रबराला मध्ये किंचित उंचवटा ठेवायचा, कारण त्या उंचवट्यावरच पाते मधोमध टिकते. घरी तीन फेज नसायचे, म्हणून सिंगल फेजची दोन हॉर्सपॉवरची मोटर. मोटर १४४० फेऱ्यांची. तिच्यावर चार इंची पुली आणि खालच्या चाकाच्या शाफ्टवर आठ इंची. म्हणजे अठरा इंची चाक ७२० फेऱ्या घेणार आणि पाते मिनिटाला सुमारे ३४०० फूट धावणार. लाकडाला एवढा वेग पुरतो.

सगळ्यात नाजूक काम पात्याच्या जोडाचे. दोन्ही टोके कानशीने तिरकी घासायची, एकावर एक बसवून चिमट्यात पकडायची, टाकणखार लावायचा आणि मध्ये चांदीमिश्रित डागाची पातळ पट्टी ठेवून तापवायचे. पट्टी वितळून पसरली की ज्योत काढायची. थंड झाल्यावर जोड घासून पात्याइतकाच पातळ करायचा. जाड राहिला तर गाइडवर ठोके घेत पाते तुटते. हे एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागायचे.

लोडशेडिंगनेही आम्हाला एक धडा दिला. वीज गेली आणि स्विच चालूच राहिला, तर वीज परतताच मशीन आपोआप सुरू व्हायची. म्हणून नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर आणि चाकांवर पत्र्याची झाकणे या दोन गोष्टी बसल्याशिवाय आम्ही लाकडाला हात लावत नसू.

तेव्हा आम्हाला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. 'हे डबडे कशाला आणता' म्हणणारे होते, आणि बोर्डाला सागाचा पापुद्रा चिकटवून 'अस्सल सागवान' म्हणून विकणारे दुकानदारही होते. त्या दुकानांतली कपाटे पावसाळ्यात फुगली, पण आमच्या आऱ्यांवर कापलेली दारे आजही चौकटीत नीट बसतात.

इकडच्या सागवानाला आजही मान आहे. नव्या संसदेला नागपूरचा सागवान लागला. २०२३ मध्ये बल्लारशाहहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघाला. त्याचा अभिमान मलाही आहे. पण हे लाकूड चिरणाऱ्या पात्याला धार लावणारे, जोड देणारे हात आज शहरात शोधावे लागतात, याची चर्चा कुठेच नाही. बिडाची मशीन पन्नास वर्षांनीही उभी करता येते, ती उभी करणारी माणसे मात्र त्यांच्या जागी कोणी तयार न होताच गेली.

म्हणून दोन मागण्या. आयटीआयच्या सुतारकाम विभागांनी एकेक जुना बँडसॉ घ्यावा आणि तो खोलणे, जुळवणे, पाते जोडणे हे सगळे मुलांकडून करून घ्यावे. आणि ज्यांच्या गोदामात अशी मशीन पडून आहे, त्यांनी भंगारवाल्याचा काटा बोलावण्याआधी एखाद्या शिकाऊ सुताराला ती दाखवावी. नेणाऱ्याने वनविभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत, पण मशीन न्यावी. घणाने फुटलेले बीड पुन्हा जोडून मिळत नाही.