द्राक्ष निर्यात साखळीतील गुणवत्ता नियंत्रण : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शेतमालाच्या गुणवत्तेचा विचार बहुधा प्रतवारी, वेष्टन व प्रयोगशाळेतील तपासणी यांपुरता मर्यादित राहतो. वस्तुतः तपासणी दोष उघड करते; तो दूर करू शकत नाही. नाशिक, सांगली परिसरातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नियंत्रणाचे टप्पे :
द्राक्ष काढणीनंतर पिकत नाही. वेलीवरून उतरताना असलेली गोडी पुढे वाढत नाही. म्हणून काढणीपूर्वी ब्रिक्स मोजणे आवश्यक ठरते. पॅकहाऊसमध्ये खराब मणी काढून घडांची प्रतवारी होते. त्यानंतर पूर्वशीतकरण केले जाते आणि शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात माल साठविला जातो. बुरशी रोखण्यासाठी पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात. एका टप्प्यावरील हयगय पुढील टप्प्यावर भरून निघत नाही.

अदृश्य गुणवत्ता :
रासायनिक अवशेष मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष आढळले. त्यानंतर 'अपेडा'ने अवशेष नियंत्रण योजना राबविली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली. २००६ साली 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली सुरू झाली. नोंदणीकृत बागेला क्रमांक मिळाल्याने पेटीवरून थेट बागेपर्यंत मागोवा घेणे शक्य झाले.

२०१० चा धडा :
एवढी व्यवस्था असूनही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात माल अडकला. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. परंतु आपल्याकडील तपासणीच्या यादीत या रसायनाचा समावेश नव्हता. परिणामी प्रयोगशाळेचा दाखला असलेला मालही सदोष ठरला. हे द्रव्य प्रामुख्याने एप्रिलमधील खरड छाटणीनंतर, फळधारक काडी तयार व्हावी म्हणून फवारले जाते. त्याचे अंश वेलीत टिकून पुढील हंगामाच्या मण्यांत उतरतात. म्हणजेच दोष काढणीच्या कित्येक महिने आधी निर्माण झाला होता. निर्यातदारांबरोबरच बागायतदारांनाही त्याची आर्थिक झळ सोसावी लागली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, फवारणीची नोंदवही फळछाटणीपासून नव्हे, तर खरड छाटणीपासून ठेवली पाहिजे. दुसरी, तपासावयाच्या रसायनांची यादी आयातदार देशांच्या नियमांशी ताडून एप्रिलपूर्वीच बागायतदारांच्या हाती पडली पाहिजे. निर्यातीच्या तोंडावर मिळालेली माहिती त्याला सावध करीत नाही. केवळ दोषी ठरविते. गुणवत्ता नियंत्रण हे बागेपासून सुरू होणारे सामायिक उत्तरदायित्व आहे. त्याचा भार साखळीतील सर्वांनी उचलला, तरच नुकसानीचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही.