‘युवक’ कोणास म्हणावे?

एखाद्या राष्ट्रीय धोरणाचा विचार करू लागलो की त्यातील योजना व तरतुदी यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. ज्या संज्ञेवर ते धोरण उभारलेले असते, तिच्याकडे ते सहसा जात नाही. राष्ट्रीय युवा धोरणाच्या बाबतीत ही उपेक्षा महाग पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

असे पहिले धोरण १९८८ साली तयार झाले. २००३ च्या धोरणाने १३ ते ३५ वर्षे वयाच्या व्यक्तीस युवक मानले व १३ ते १९ आणि २० ते ३५ असे तिचे दोन गट पाडले. २०१४ च्या धोरणाने हीच मर्यादा १५ ते २९ वर आणली. तेरा वर्षांचा शाळकरी मुलगा आणि पस्तिशीतला गृहस्थ यांस एका मापाने मोजणे अयोग्यच होते; त्या दृष्टीने हा बदल समर्थनीय होय. शिवाय राष्ट्रकुलाचे माप १५ ते २९ असेच आहे. (संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीपुरते १५ ते २४ हे वय धरतो.) तथापि महाराष्ट्रात याच सुमारास वारे उलट दिशेने वाहत होते. राज्य शासनाच्या सेवेत प्रवेश करण्याची कमाल वयोमर्यादा २०१६ साली खुल्या वर्गासाठी ३३ वरून ३८ वर्षे व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे करण्यात आली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने १८ ते ३५ हे वय धरले. बत्तीस वर्षांचा एखादा पदवीधर अशा रीतीने एका धोरणात युवक नाही, दुसऱ्या योजनेत आहे, आणि स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने तर उमेदवारीच्या ऐन मध्यावर आहे. एकीकडे व्याख्या आखडली. दुसरीकडे स्थिरस्थावर होण्याचा काळ लांबत गेला.

ही विसंगती कोणा लेखनिकाच्या चुकीतून उद्भवलेली नाही. वय ही मोजता येणारी गोष्ट आहे, तारुण्य ही अवस्था आहे. आणि धोरणास मोजमापावाचून चालत नाही. भाषा मात्र अवस्थेलाच नाव देते. हिंगोली जिल्ह्यातील (हा जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला) सेनगाव तालुक्यात गोरेगाव येथे बोलीचे नमुने टिपीत असता ‘युवक’ हा शब्द मला फलकांवर आणि मंडळांच्या नावांत भेटला, संभाषणात जवळजवळ नाहीच. तेथे मुलगा ‘हाताशी येतो’, पुढे ‘मार्गी लागतो’, आणि त्यानंतर घराचा ‘कर्ता’ होतो. या तिन्ही शब्दप्रयोगांत वर्षांचा हिशेब नाही. कामाशी व घराशी असलेला संबंध आहे. हाताशी आलेला पण मार्गी न लागलेला, अशी जी मधली स्थिती, तीच गावाच्या दृष्टीने तारुण्य. मग ते वीस वर्षे टिको वा दोन. ‘बेकार’ या मूळच्या फारसी शब्दात तर मराठीने काम नसलेला आणि कामाचा नसलेला हे दोन्ही अर्थ एकत्र आणले आहेत. तो शब्द ऐकणाऱ्या मुलाला त्यांतला कोणता लागतो, हे सांगावयास नको.

मुलींच्या बाबतीत चित्र अधिक कठोर आहे. मुलगी ‘वयात येते’ आणि तिला ‘उजवतात’. ‘तरुणी’ हा शब्द छापील राहिला. बोलण्यातली ‘पोरगी’ लग्नानंतर ‘बाई’ होते. मधल्या अवस्थेला रोजच्या बोलण्यात नावच नसेल, तर त्या अवस्थेतील स्त्रीने कशाची मागणी करावी? ऊसतोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे बहुधा नवराबायकोचे एक जोडपे. तेथे विवाह हीच कामाला लागण्याची पात्रता ठरते, आणि त्याची ओढ अल्पवयीन मुलींपर्यंत पोहोचते.

गणनेतही हीच अडचण येते. श्रमबल सर्वेक्षणाच्या नेहमीच्या पद्धतीत घरच्या शेतीवर वेतनावाचून राबणारा मुलगा घरगुती व्यवसायातील साहाय्यक म्हणून काम असलेल्यांत धरला जातो. वर्षभरात तीस दिवसांचे दुय्यम कामही त्यास पुरेसे असते. नोकरी शोधण्याचे सोडून जो केवळ परीक्षेची तयारी करीत बसला, तो श्रमबलाच्याच बाहेर जातो. दोघेही बेरोजगारांत मोडत नाहीत. गाव मात्र दोघांनाही मार्गी न लागलेले समजते, आणि सोयरीक जुळविताना याच समजुतीवर निर्णय होतो.

शेती करणारा तरुण आणखी एका ठिकाणी हरवतो. नांगरास हात लावताच तो ‘शेतकरी’ या सदरात जातो, आणि त्याचे प्रश्न पीकविमा व कर्ज या शीर्षकांखाली वेगळ्या खात्याकडे जातात. २०२३ च्या नोव्हेंबरात गोरेगाव परिसरातील काही शेतकऱ्यांनी, कर्जफेडीसाठी आमचे अवयव विकत घ्यावेत, अशी मागणी अवयवांच्या दरांसह शासनाकडे केली होती. तिची चर्चा शेतीचा प्रश्न म्हणून झाली, व ते योग्यच होते. परंतु त्या घरांतील हाताशी आलेल्या मुलांनी त्या दरपत्रकावरून शेतीविषयी काय ग्रह करून घेतला असेल, हा प्रश्न युवा धोरणाचा आहे.

वयाची अट काढून टाकावी, असे माझे म्हणणे नाही. शिष्यवृत्तीस वा प्रशिक्षणास कोठे तरी रेघ ओढावीच लागते. मात्र पाहणी करताना वयाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: शिक्षण संपून किती वर्षे झाली, आणि स्वतःच्या नावे नियमित उत्पन्न आहे की नाही. आमच्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी विषय हवा असेल, त्यांनी आपापल्या गावी हे दोन प्रश्न, मुलांना आणि मुलींना निरनिराळे, गावाच्याच शब्दांत विचारून पाहावेत.