शार्लटच्या तेवीस गोष्टी

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. त्याचे कागदोपत्री नाव 'लर्निंग २.०', पण ग्रंथालयांच्या जगात तो 'तेवीस गोष्टी' म्हणूनच ओळखला गेला. नऊ आठवड्यांत, ज्याने त्याने आपल्या सवडीने, इंटरनेटवरच्या तेवीस नव्या गोष्टी स्वतः करून पाहायच्या, एवढीच योजना होती. आज मागे वळून पाहताना ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या इतिहासात इतक्या कमी खर्चात इतका दूरवर पोचलेला दुसरा प्रयोग मला आठवत नाही.

तो काळ आठवायला हवा. तोवर बहुतेकांसाठी इंटरनेट ही वाचायची जागा होती. २००३ ते २००५ या तीन वर्षांत डिलिशस, फ्लिकर, यूट्यूब अशी संकेतस्थळे पाठोपाठ आली आणि वाचणारा लिहू लागला, छायाचित्रे मांडू लागला, दुसऱ्याने मांडलेल्यावर बोलू लागला. २००५ मध्ये मायकेल केसी या ग्रंथपालाने वाचकांच्या अशा सहभागावर उभ्या राहणाऱ्या ग्रंथालयासाठी 'लायब्ररी २.०' हा शब्द वापरात आणला आणि व्यवसायात वाद रंगले. मात्र हे वाद घालणारे थोडे होते. देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या, पुस्तके फडताळात लावणाऱ्या, संदर्भ विभागात प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या बहुसंख्य माणसांपर्यंत त्यातले काहीच पोचले नव्हते. वाचक मात्र याच माणसांना विचारत होते.

शार्लटच्या ग्रंथालयात पाचशेहून अधिक कर्मचारी होते. तिथल्या तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख हेलन ब्लोअर्स यांच्यापुढचा प्रश्न असा, की एवढ्या सगळ्यांना शिकवायचे कसे? स्टीफन अब्रॅम या कॅनडातल्या ग्रंथपालाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक लेख लिहून ग्रंथपालांनी करून पाहाव्यात अशा त्रेचाळीस गोष्टींची यादी दिली होती. ब्लोअर्स यांनी तिच्यातून प्रेरणा घेऊन आपल्या लोकांसाठी तेवीस गोष्टी ठरवल्या. वर्ग भरवले नाहीत, प्रशिक्षक नेमला नाही, सक्तीही केली नाही. अडले तर शेजारच्याला विचारा, असे सांगितले. वेळेत पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर आणि सोडतीत एक लॅपटॉप, ही बक्षिसे.

यादीची रचना विचारपूर्वक केलेली होती. आरंभीच आजन्म शिकत राहणाऱ्या माणसाच्या साडेसात सवयी वाचायच्या होत्या. त्यातली शेवटची अर्धी सवय म्हणजे खेळणे. तिसरी गोष्ट होती स्वतःचा ब्लॉग सुरू करणे. पुढची प्रत्येक गोष्ट केल्यावर काय जमले, काय नाही, हे त्या ब्लॉगवर लिहायचे. नाव उघड करायचे नसेल तर टोपणनाव चालत असे. या मुभेला मी फार महत्त्व देतो. वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला 'मला हे समजले नाही' असे सहकाऱ्यांसमोर लिहिणे सोपे नसते. टोपणनावामुळे वरिष्ठ-कनिष्ठ ही उतरंड निदान त्या पानापुरती बाजूला राहू शकत होती.

पुढे फ्लिकरवरची छायाचित्रे, संकेतस्थळांवरच्या नव्या मजकुराची खबर देणारे आरएसएस, अनेकांनी मिळून लिहायची विकी, पॉडकास्ट, यूट्यूब अशी एकेक पायरी वाढत जाई. अठरावी गोष्ट होती झोहो रायटर, म्हणजे ब्राउझरमध्येच मजकूर लिहायचे साधन. ते चेन्नईत मोठे काम असलेल्या कंपनीचे होते, हे भारतीय वाचकाला सुखावणारे. पण ग्रंथपालाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण होत्या त्या दोन गोष्टी : टॅगिंग आणि लायब्ररीथिंग.

ग्रंथपालाची घडणच मुळी वर्गीकरणात होते. पुस्तक कोणत्या वर्गात जाईल, त्याला कोणते विषयशीर्षक द्यायचे, याचे ठरलेले नियम असतात आणि ते जाणणारी माणसे हे काम करतात. दुवे साठवून ठेवण्याच्या डिलिशसवर मात्र कोणीही कोणत्याही पानाला आपल्या मनाचा शब्द चिकटवत होता, आणि अशा हजारो लोकांच्या शब्दांतून शोधायला उपयोगी पडेल अशी एक व्यवस्था आपोआप आकार घेत होती. टिम स्पॉल्डिंग यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या लायब्ररीथिंगवर सामान्य वाचक आपल्या घरातल्या पुस्तकांची तालिका हौसेने बनवत होते. त्या पुस्तकांच्या नोंदी येत होत्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून, झेड ३९.५० या ग्रंथालयांच्याच जुन्या प्रणालीतून. म्हणजे ग्रंथपालांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले शिस्तीचे काम आणि वाचकांची मुक्त हौस एकाच पानावर भेटली होती. व्यासपीठावरच्या भाषणातून हे कळते. पण स्वतः पाच पुस्तके चढवून, त्यांना टॅग देऊन पाहिल्यावर ते जसे उमगते, तसे ऐकून उमगत नाही. तेवीस गोष्टींचे सगळे मर्म या करून पाहण्यात होते.

ब्लोअर्स यांनी सगळा अभ्यासक्रम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला ठेवला. उचला, बदला, वापरा. मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो त्याच वर्षी उचलला. पाठोपाठ नेदरलँड्समध्ये डच रूप आले. २००८ मध्ये मिनेसोटातल्या ग्रंथालयांनी आपली आवृत्ती काढली. २०१० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतले ग्रंथपाल तेवीस गोष्टी करत होते. परवाना खुला नसता, तर हा प्रवास शार्लटच्या हद्दीतच संपला असता.

आता त्या यादीचे पुढे काय झाले ते पाहू. टेक्नोराटीने २०१४ मध्ये ब्लॉगांची नोंद ठेवणे थांबवले. आरएसएस वाचण्याचे ब्लॉगलाइन्स गेले, त्याची जागा घेणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. डिलिशस हात बदलत बदलत २०१७ मध्ये केवळ वाचण्यापुरते उरले. रोलियो हे शोधयंत्र आज कोणाच्या लक्षातही नाही. फ्लिकर २०१८ मध्ये विकले गेले आणि फुकट खात्यांवर हजार छायाचित्रांची मर्यादा आली. यूट्यूब अफाट वाढले, लायब्ररीथिंग टिकून आहे, झोहोही आहे. ज्या ग्रंथालयांनी आपली छायाचित्रे, दुव्यांचे संग्रह, लेखन या कंपन्यांच्या घरी ठेवले, त्यांना ते वाचवण्याची धावपळ करावी लागली. हा पुढचा धडा २००६ च्या यादीत नव्हता. दुसऱ्याच्या जागेत आपला संग्रह ठेवताना मालकी कोणाची, वाचकाची माहिती कोणाकडे जाते, हे प्रश्न त्या उत्साहात मागे राहिले. एडिनबरा विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या तेवीस गोष्टी केल्या, तेव्हा डिजिटल सुरक्षा आणि अपंग वाचकांसाठीची सुगम्यता यांना त्यांत स्थान मिळाले. दहा वर्षांत व्यवसाय शहाणा झाल्याची ही खूण आहे.

शार्लटवर मात्र वेगळेच संकट आले. शार्लट हे बँकांचे शहर. २००८ च्या आर्थिक पडझडीत तिथली वॅकोव्हिया बँक कोसळली आणि पुढे स्थानिक सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला. मार्च २०१० मध्ये ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी चोवीसपैकी बारा शाखा बंद करण्याचे ठरवले. नागरिकांच्या विरोधामुळे निर्णय फिरवला गेला, तरी अखेर काही शाखा बंद झाल्या आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. जगाला शिकवणाऱ्या ग्रंथालयाची ही गत झाली, हे वाचताना आजही वाईट वाटते. कर्मचारी कितीही शिकलेला असो, त्याच्या पगाराची तरतूद नसेल तर त्या शिक्षणाचा वाचकाला उपयोग होत नाही, हे सत्य कोणत्याही यादीने झाकता येत नाही.

तरीही प्रयोग वाया गेला असे मी मानत नाही. मायकेल स्टीफन्स आणि वॉरेन चीटम यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रंथालयांत या उपक्रमाच्या परिणामांचा अभ्यास केला, तेव्हा ठळकपणे पुढे आला तो वाढलेला आत्मविश्वास. विशिष्ट साधन येण्यापेक्षा नव्या साधनाला हात लावण्याची भीती जाणे, ही खरी कमाई होती. ब्लॉगलाइन्स बंद पडल्यावर अशा माणसाचे अडत नाही. तो दुसरे काही उघडून पाहतो.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे ग्रंथालयाच्या सतत वाढीविषयी आहे. ती वाढ इमारतीत आणि ग्रंथसंख्येत मोजण्याची आपल्याला सवय आहे. शार्लटने ती काउंटरवरच्या माणसात शोधली, आणि मला ते अधिक खरे वाटते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घेऊन वाचक पुन्हा त्याच काउंटरवर येत आहेत. उत्तर खरे की खोटे, हे विचारत आहेत. नव्या याद्या कराव्याच लागतील. त्या करताना शार्लटकडून तीन गोष्टी घ्याव्यात : शिकणाऱ्यावर विश्वास, चुकत चुकत खेळायची मोकळीक, आणि जे तयार केले ते इतरांना खुले करण्याचा दिलदारपणा. चौथी गोष्ट आपण जोडावी. या शिकण्याचे तास कामाच्या वेळापत्रकात लिहून द्यावेत, कारण वेळ न देता सांगितलेले शिक्षण कर्मचाऱ्याच्या घरच्या वेळेवरच येऊन पडते.